बालमित्राशी प्रेम : जगभर हिट ठरलेली गोष्ट बीडच्या मुलींसाठी अजूनही 'फँटसी'च का?

एक मुलगी आणि एक मुलगा. दोघंही अनाथ, एकाच आश्रमात वाढलेले, लहानपणापासूनचे जिगरी दोस्त. पुढे दोघं सैन्यात जातात. तिच्या अंगात सूर्यप्रकाश निर्माण करायची शक्ती आहे हे कळतं आणि सगळं राज्य तिच्या मागे लागतं. युद्ध होतं, माणसं मरतात, राजपुत्र मागणी घालतो. पण शेवटी ती लग्न करते ते त्याच लहानपणीच्या मित्राशी.

ही गोष्ट आहे अलिना आणि मालची. ली बार्डुगो या लेखिकेच्या 'शॅडो अँड बोन' या 2012 मध्ये आलेल्या पुस्तकापासून ती सुरू होते आणि तीन भागांत संपते. 2021 मध्ये नेटफ्लिक्सने त्यावर सिरीज काढली आणि भारतातल्या पोरापोरींनीही ती पाहिली.

अशा पुस्तकांना 'यंग अॅडल्ट फँटसी रोमान्स' म्हणतात. साधारण 12 ते 18 वयाच्या वाचकांसाठी लिहिलेल्या, जादू आणि प्रेम एकत्र असलेल्या गोष्टी. मोठ्यांसाठीच्या अशाच पुस्तकांना आता 'रोमँटसी' हे नाव पडलंय आणि त्यांचा खप अफाट आहे. रेबेका यारोसची 'ऑनिक्स स्टॉर्म' ही कादंबरी जानेवारी 2025 मध्ये आली आणि पहिल्याच आठवड्यात तिच्या 27 लाख प्रती खपल्या.

या गोष्टींमध्ये ड्रॅगन असतात, शाप असतात, पण वाचकांना सगळ्यात जास्त भावतं ते मैत्रीचं प्रेमात बदलणं. सोशल मीडियावर 'फ्रेंड्स टू लव्हर्स' हा प्रकार म्हणूनच एवढा चालतो.

आता तुम्ही म्हणाल, याचा बीडशी काय संबंध? संबंध आहे, आणि तो थेट आहे.

गोष्ट घडायला काय लागतं?

बालमैत्रीतून प्रेम फुलायचं असेल तर जादू नसली तरी चालते. पण तीन गोष्टी लागतातच. दोघांना वर्षानुवर्षं एकत्र राहता येईल अशी जागा, मोठं व्हायला पुरेसा वेळ आणि शेवटी हो किंवा नाही म्हणायचा हक्क.

अलिना आणि मालला ही जागा आश्रमाने दिली. हॅरी पॉटरमधल्या रॉन आणि हर्मायनीला ती हॉगवर्ट्सने दिली. दोघं अकराव्या वर्षी भेटतात, एकाच निवासी शाळेत वाढतात आणि त्यांच्यात मैत्रीपलीकडचं काही आहे हे कळायला त्यांना सहा-सात वर्षं लागतात. या काळात हर्मायनीचं शिक्षण थांबवून तिला कुणी बोहल्यावर चढवत नाही.

बीडमध्ये नेमकं इथेच अडतं.

43.7 टक्के

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी 2019 ते 2021 या काळात झाली. त्यात बीड जिल्ह्यातल्या 20 ते 24 वयाच्या महिलांपैकी 43.7 टक्के महिलांचं लग्न अठरा पूर्ण होण्याआधीच झालेलं होतं. महाराष्ट्राचा आकडा 21.9 टक्के आणि देशाचा 23.3 टक्के. म्हणजे बीडचं प्रमाण राज्याच्या जवळपास दुप्पट.

याचं एक मोठं कारण ऊसतोडीत आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास जिल्ह्यातली लाखो माणसं पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या कारखान्यांकडे निघतात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. मुकादमाकडून उचल घेतली जाते ती कोयत्यावर. एक कोयता म्हणजे नवरा आणि बायको अशी जोडी. एकट्या मुलापेक्षा लग्न झालेल्या जोडीला काम आणि उचल सहज मिळते.

आईबाप फडात गेले की वयात आलेल्या मुलीचं काय करायचं हा प्रश्न उभा राहतो. सोबत नेलं तर उसाच्या फडाशेजारी कोपीत राहायचं, ना दार ना संडास. गावात म्हाताऱ्या आजीजवळ ठेवलं तर सहा महिने जिवाला घोर. त्यात पुढची शाळा दुसऱ्या गावाला. मग 'चांगलं स्थळ आलंय, उरकून टाकू' असं ठरतं. हे आईबाप मुलीचे वैरी नसतात. त्यांच्यापुढे पर्यायच कमी असतात.

म्हणजे वरच्या तिन्ही गोष्टी एकदम जातात. जागा जाते, कारण वर्गातली अर्धी पोरं दिवाळीनंतर दिसतच नाहीत. वेळ जातो, कारण सोळाव्या वर्षी संसार सुरू होतो. आणि होकार-नकार तर कुणी विचारतच नाही.

हे 1868 मध्ये एका मराठी लेखकाने सांगितलं होतं

मराठीला फँटसी रोमान्स नवा नाही. उलट मराठी कादंबरीची सुरुवातच बरीचशी त्यातून झाली. 1861 मध्ये लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची 'मुक्तामाला' आली, 1868 मध्ये नारो सदाशिव रिसबूड यांची 'मंजुघोषा'. राजपुत्र, सुंदर नायिका, संकटं, अद्भुत योगायोग आणि शेवटी मीलन असा या पुस्तकांचा मामला.

यातल्या रिसबुडांनी आपल्या प्रस्तावनेत एक फार मोकळी कबुली दिली. आपल्या लोकांतल्या लग्नाच्या चालीरीती आणि इतर कारणांमुळे आयुष्यात रंजक असं काही घडतच नाही, रोजचं लिहिलं तर कुणाला गोडी वाटणार नाही, म्हणून मनोरंजक पुस्तक लिहायचं तर अद्भुताकडे वळावं लागतं, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय.

मुद्दा साधा आहे. जिथे लग्न लहानपणीच लागतं तिथे प्रेमकथेला जागा कुठून मिळणार? मग ती राजवाड्यात आणि जंगलात नेऊन लिहावी लागते.

त्यानंतर कायदे बदलत गेले. 1891 मध्ये संमतिवयाचा कायदा होऊन मुलींचं संमतिवय 10 वरून 12 झालं. 1929 च्या शारदा कायद्याने लग्नासाठी मुलीचं किमान वय 14 ठरवलं. 1978 मध्ये मुलीसाठी 18 आणि मुलासाठी 21 झालं. 2006 मध्ये बालविवाह प्रतिबंधक कायदा आला. दीडशेहून जास्त वर्षं उलटली, तरी रिसबुडांचं म्हणणं बीडमधल्या कितीतरी घरांत अजून लागू पडतं.

मराठीतल्या कोवळ्या वयाच्या गाजलेल्या प्रेमकथा आठवून बघा. मिलिंद बोकिलांच्या 'शाळा'त शेवटी ताटातूट होते. 'फँड्री'तल्या जब्याचं शालूवरचं प्रेम तिच्यापर्यंत पोचतच नाही, मध्ये जात उभी राहते. 'सैराट'चा शेवट तर सगळ्यांना माहीत आहे. वास्तवाच्या जवळ जाणाऱ्या गोष्टीत इथलं कोवळं प्रेम सहसा सुखाने संपत नाही. सुखाचा शेवट हवा असेल तर पोरी मोबाईलवर परक्या राज्यातली, जादूची गोष्ट वाचतात.

आणि खरंच प्रेम जमलं तर?

समजा, गावातल्या दोन बालमित्रांचं खरंच जमलं. ती 17 ची, तो 19 चा. इथे 2012 चा पॉक्सो कायदा येतो. या कायद्यात 18 वर्षांखालच्या मुलीच्या संमतीला अर्थ नाही. त्यांच्यात शारीरिक संबंध आले आणि तक्रार झाली, तर मुलावर गंभीर गुन्हा दाखल होतो.

एनफोल्ड या संस्थेने महाराष्ट्र, आसाम आणि पश्चिम बंगालमधले पॉक्सोचे 7,064 निकाल तपासले. त्यातली 24.3 टक्के प्रकरणं प्रेमसंबंधांची निघाली आणि त्यातल्या बहुतेक तक्रारी मुलीच्या घरच्यांनी केलेल्या होत्या.

पॉक्सो गरजेचा आहे, यात वाद नाही. लहान मुलांवर अत्याचार करणारे बरेचदा ओळखीतलेच असतात आणि कायदा ढिला केला तर त्याचा फायदा तेच उचलतील, ही भीती खरी आहे. म्हणूनच 2023 मध्ये विधी आयोगाने संमतीचं वय कमी करू नये असं सांगितलं. दुसरीकडे, जवळपास एकाच वयाच्या दोघांच्या संबंधांना वेगळं धरावं, अशी मागणी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली आहे.

पण गावपातळीवर दिसतो तो विरोधाभास वेगळाच. 2017 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार 18 वर्षांखालच्या पत्नीशी शरीरसंबंध हाही बलात्कारच. म्हणजे कायद्यापुढे 17 वर्षांच्या मुलीचा प्रियकर आणि नवरा दोघंही गुन्हेगार. तरी प्रियकराविरुद्ध घरचेच पोलिस ठाणं गाठतात आणि नवऱ्याच्या बाजूने तेच घरचे मांडवात उभे असतात. 'पोरगी कुणाशी बोलते' ही कुजबुज सुरू झाली की लग्नाची घाई आणखी वाढते. म्हणजे साध्या मैत्रीची शिक्षासुद्धा बालविवाहच.

मग उपाय काय?

कागदावर यंत्रणा आहे. गावात ग्रामसेवक हा बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो, 1098 या चाइल्ड हेल्पलाइनवर कुणीही कळवू शकतं. पण ऐन हळदीला जाऊन लग्न थांबवलं तरी मुलगी पुढच्या हंगामात कुठे राहणार हा प्रश्न तसाच राहतो.

त्याचं उत्तर वसतिगृह हे आहे. पालक ऊसतोडीला गेल्यावर मुलं गावातच राहावीत म्हणून हंगामी वसतिगृहं चालवली जातात. 2021 मध्ये राज्याने संत भगवानबाबा वसतिगृह योजना आणली, ज्यात 41 तालुक्यांत मुलांसाठी आणि मुलींसाठी मिळून 82 वसतिगृहं ठरली. जोडीला गावातल्या मुलींना बारावीपर्यंत एसटीचा मोफत पास आहे. ही वसतिगृहं दिवाळीआधी सुरू होतात का, तिथे मुली सुरक्षित आहेत का आणि दहावीनंतरही त्यांना राहता येतं का, यावर सगळं अवलंबून आहे.

वसतिगृहातल्या प्रत्येक मुलीने कुणाच्या तरी प्रेमात पडावं असं अजिबात नाही. तिला डॉक्टर व्हायचं असेल, पोलिस भरती द्यायची असेल किंवा बालमित्राला सरळ 'नाही' म्हणायचं असेल. अलिनाने राजपुत्राला नकार दिला, कारण तिला विचारलं गेलं होतं. बीडच्या मुलीला कुणी विचारायचं असेल, तर आधी तिला अठरा वर्षांची होईपर्यंत शाळेत राहता आलं पाहिजे.