पाणी ओढायचे, पोहायचे नाही?

यंदा आमची सहल मालवणला गेली. कुरटे बेटावरचा सिंधुदुर्ग पाहिला. शिवाजी महाराजांनी १६६४ साली त्याच्या बांधकामाला हात घातला. भोवती खारा समुद्र, आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या विहिरींना गोडे पाणी!

तारकर्लीला मुले जाकिटे चढवून समुद्रात उतरली. पोहता न येणाऱ्यालाही शिक्षक धरून पाण्याखाली नेतात. पण आम्हां मुलींना धीर होईना. आम्ही किनाऱ्यावर सर्वांच्या चपला सांभाळत बसलो.

आमच्या गावी भाऊ पाठीला भोपळा बांधून विहिरीत पोहायला शिकला. त्याच विहिरीचे पाणी मी रोज शेंदले. "मुलीच्या जातीला पोहणे कशाला?" असे आजी म्हणे. म्हणजे पाणी ओढायचे मुलींनी आणि पोहायचे मुलांनी! कॉलेजात पाऊल टाकणारी घरातली मी पहिली. पाण्यात पाऊल टाकायला मात्र भ्याले.

१ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला गेलेले १४ विद्यार्थी बुडाले. समुद्र पट्टीच्या पोहणाऱ्यालाही ओढतो, हे मान्य. म्हणूनच 'विचारल्याशिवाय पाण्यात उतरू नका' ही सूचना योग्य आहे. पण सूचना म्हणजे शिक्षण नव्हे. पाण्याची भीती आणि पाण्याची जाण यांत फरक आहे.

पुण्यात टिळक तलावासारखे तलाव आहेत. जिमखाना विभागाने परवडेल अशा फीत मुलींसाठी पोहण्याचा वर्ग सुरू करावा, ही नम्र विनंती. पहिले नाव माझे लिहा. पुढच्या सहलीत चपला सांभाळायला दुसरे कोणी शोधावे!