दुपारचे ऊन, संध्याकाळचा दिवा

सौर वीज स्वस्त झाली, हे निर्विवाद. परंतु तो लाभ कोणाच्या पदरी पडतो, हा खरा प्रश्न आहे. केंद्राच्या २०२३ च्या नियमांनुसार, शेतीखेरीज इतर ग्राहकांना उन्हाच्या तासांत वीज नेहमीपेक्षा किमान २० टक्के स्वस्त, तर सर्वाधिक मागणीच्या तासांत महाग मिळावयाची आहे. कारखानदार कामाची पाळी बदलू शकतो. दिवसभर कचेरीत बसणाऱ्या कारकुनाने मुलांच्या अभ्यासाची वेळ कशी बदलावी? दुपारची वीज साठविणे, हाच यावर उपाय. घाटघरचा २५० मेगावॅटचा उदंचन प्रकल्प मागणी कमी असताना पाणी वर चढवितो आणि गरजेच्या वेळी तेच खाली सोडून वीज देतो. अशा साठवणुकीकडे शासनाने दुर्लक्ष केले, तर स्वस्ताई सवड असणाऱ्यांचीच मिरास ठरेल.