गाणं आरोपीच्या पिंजऱ्यात

अल्ताफ शेख ऊर्फ एमसी स्टॅन हा पुण्यातल्या ताडीवाला रोडच्या वस्तीतला मुलगा. फेब्रुवारी २०२३ मध्ये त्याने 'बिग बॉस'चा सोळावा हंगाम जिंकला आणि पुढच्याच महिन्यात काही संघटनांच्या गोंधळामुळे इंदूरमधला त्याचा कार्यक्रम रद्द झाला. गाण्यात शिव्या आहेत, बायकांबद्दल घाण बोलतो, पोरांना नशेला लावतो, असे आक्षेप होते. त्या वेळी आणि त्यानंतरही आपल्या वाचकांकडून मला दोन प्रकारचे निरोप येत राहिले. एक प्रकार असा: 'बरं झालं, कौमचं नाव खराब करतो.' दुसरा असा: 'मुसलमान आहे म्हणूनच बंद पाडला, बाकीच्यांच्या शिव्या चालतात.' दोन्हीत थोडं थोडं खरं आहे, म्हणूनच दोन्हींवर थांबणं मला पटत नाही. हा वाद आपल्याकडे नवा असला तरी जगात नवा नाही. अमेरिकेत तो गेली चाळीस वर्षं सुरू आहे. तिथे तो कसा लढला गेला हे पाहिलं तर आपल्या मोहल्ल्यातलं भांडणही जरा स्पष्ट दिसेल.

२८ जून २०१५. लॉस एंजेलिसमध्ये बीईटी पुरस्कारांचा सोहळा. केंड्रिक लमार मंचावर उभ्या केलेल्या, रंगाने रेघोट्या मारलेल्या पोलीस गाडीवर चढून 'ऑलराइट' हे गाणं गातो. मागे भला मोठा अमेरिकन झेंडा. तारीख महत्त्वाची आहे. अकराच दिवस आधी चार्ल्सटनच्या चर्चमध्ये प्रार्थनेला बसलेल्या नऊ काळ्या माणसांना एका गोऱ्या वंशवाद्याने गोळ्या घालून मारलं होतं. त्याच वर्षी एप्रिलमध्ये बाल्टिमोरमध्ये फ्रेडी ग्रे हा तरुण पोलीस कोठडीत झालेल्या दुखापतीने गेला होता. देश या बातम्यांनी ढवळून निघालेला होता आणि एक रॅपर सांगत होता की आपण यातूनही तरून जाऊ. गाण्याचा गाभा एवढाच आहे. त्यात पोलिसांवर राग आहे, पण गाणं उभं आहे ते उमेदीवर.

फॉक्स न्यूजच्या चर्चेत त्यातली पोलिसांविषयीची ओळ तेवढी उचलली गेली. हेराल्डो रिवेरा या जुन्याजाणत्या पत्रकाराने निष्कर्ष काढला की अलीकडच्या वर्षांत तरुण आफ्रिकन अमेरिकनांचं जेवढं नुकसान हिप हॉपने केलं, तेवढं वंशवादानेही केलं नाही. चार्ल्सटनला दोन आठवडेही झाले नव्हते.

ही युक्ती मला नीट ओळखीची आहे, तुम्हालाही असेल. घटना बाजूला सारायची आणि घटनेबद्दल बोलणाऱ्याची भाषा तपासायला घ्यायची. दंगल झाली की चर्चा मदरशाच्या अभ्यासक्रमावर जाते. कुणाला घर नाकारलं की चर्चा 'त्यांच्या राहणीमाना'वर येते. मग आपण घाईघाईने खुलासे देऊ लागतो, आणि मूळ प्रश्न विचारायचा राहूनच जातो.

केंड्रिकने काय केलं? आधी त्याने साधं उत्तर दिलं, की उमेदीचं गाणं द्वेषाचं कसं काय ठरवता? खरं उत्तर दोन वर्षांनी आलं. एप्रिल २०१७ मध्ये निघालेल्या 'डॅम' या अल्बममध्ये त्याने फॉक्सच्या त्या चर्चेचा आवाजच कापून घातला. पहिल्या गाण्याच्या शेवटी निवेदकांचे उद्गार ऐकू येतात आणि पुढच्या गाण्यात रिवेराचं ते वाक्य बीटमध्ये मिसळून जातं. ज्यांना हिप हॉपची घडण माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो: जुन्या रेकॉर्डमधला तुकडा उचलून त्यावर नवं गाणं रचणं, ज्याला सॅम्पल म्हणतात, ही या कलेची मूळ पद्धत आहे. ११ ऑगस्ट १९७३ ला ब्राँक्समधल्या १५२०, सेजविक अव्हेन्यू या इमारतीत कूल हर्क आणि त्याची बहीण सिंडी यांनी पार्टी केली, तिथून हिप हॉपचा जन्म मोजतात. हर्क दोन टर्नटेबलांवर गाण्यातला ठेक्याचाच भाग लांबवत न्यायचा. महामार्गासाठी घरं पाडलेल्या, गुंतवणूक आटलेल्या त्या भागातल्या पोरांना वाद्यं परवडत नव्हती, म्हणून त्यांनी रेकॉर्डलाच वाद्य केलं. केंड्रिकने शिव्याशापांनाही तीच वागणूक दिली. तुमचं वाक्य हा माझा कच्चा माल. २०१८ मध्ये याच अल्बमला संगीताचं पुलित्झर मिळालं. शास्त्रीय आणि जाझच्या बाहेर हा पुरस्कार तोवर कधी गेलाच नव्हता.

पुलित्झर मिळालं म्हणून गाणं बरोबर ठरतं, असं मात्र मी म्हणणार नाही. हे प्रतिष्ठितांचं शिफारसपत्र झालं. २०१५ च्या जुलैमध्ये क्लीव्हलँडच्या रस्त्यावर पोलिसांसमोर उभ्या असलेल्या लोकांनी 'ऑलराइट'चं धृपद एका सुरात म्हटलं, ती दाद माझ्या लेखी मोठी.

या वादाची मागची पानं चाळली की तोच साचा दिसतो. कॉम्प्टनच्या एनडब्ल्यूए या गटाने १९८८ मध्ये पोलिसांविरुद्ध अत्यंत शिवराळ गाणं काढलं. पुढच्या वर्षी एफबीआयच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याने त्यांच्या रेकॉर्ड कंपनीला पत्र पाठवून नाराजी कळवली. एका गाण्यासाठी केंद्रीय तपास यंत्रणेचं पत्र! गटाने ते लपवलं नाही, मिरवलं. पुढे मार्च १९९१ मध्ये रॉडनी किंगला लॉस एंजेलिसच्या पोलिसांनी मारल्याची चित्रफीत साऱ्या देशाने पाहिली. गाण्यातली तक्रार तीन वर्षं जुनी होती, पण गोऱ्या प्रेक्षकांच्या घरात ती कॅमेऱ्यानेच पोहोचवली. १९९२ मध्ये आइस-टीच्या 'कॉप किलर'वर तर राष्ट्राध्यक्ष आणि उपराष्ट्राध्यक्ष दोघांनीही तोंडसुख घेतलं आणि जुलैमध्ये त्याने ते गाणं मागे घेतलं. गंमत अशी की ते रॅप नव्हतंच. बॉडी काउंट हा त्याचा हेवी मेटल बँड. पण गाणारा काळा, आधीपासूनचा रॅपर, म्हणून बातम्यांत ते रॅप झालं. आपल्याकडे आडनाव बघून बातमीचा मथळा ठरतो, तसंच काहीसं.

आणि २००७. डॉन आयमस या गोऱ्या रेडिओ निवेदकाने रटगर्स विद्यापीठाच्या महिला बास्केटबॉल संघातल्या मुलींबद्दल वंशवादी आणि लैंगिक शिवी वापरली. त्याची नोकरी गेली खरी, पण काही दिवसांतच वाहिन्यांवर वाद कशावर? रॅपर तर हेच शब्द रोज वापरतात, मग त्यांचं काय? सप्टेंबरमध्ये अमेरिकन काँग्रेसच्या समितीसमोर सुनावणी झाली, तिथे डेव्हिड बॅनर आणि मास्टर पी या रॅपरांना बोलावलं गेलं. शिवी दिली एकाने आणि खुलासे मागितले दुसऱ्यांकडे.

इथवर लिहून मी थांबलो असतो तर दुसऱ्या प्रकारचा निरोप पाठवणारे वाचक खूश झाले असते. पण हिप हॉपने दिलेली सगळीच उत्तरं केंड्रिकच्या तोलाची नव्हती. 'माध्यमं वंशवादी आहेत' हे खरं वाक्य कित्येक रॅपरांनी ढालीसारखं वापरलं, आणि ढालीच्या आड उभ्या होत्या त्यांच्याच समाजातल्या बायका, मार खात.

२००४ मधली स्पेलमन कॉलेजची हकिकत मला फार महत्त्वाची वाटते. अटलांटामधलं हे काळ्या मुलींचं नावाजलेलं कॉलेज. नेली या रॅपरची बहीण रक्ताच्या कर्करोगाने आजारी होती. अस्थिमज्जा दात्यांच्या नोंदणीसाठी त्याच्या संस्थेला कॉलेजात शिबिर घ्यायचं होतं. मुली म्हणाल्या, शिबिर हवंच, पण तुझ्या 'टिप ड्रिल'च्या व्हिडिओत आमच्यासारख्या बायकांना जसं दाखवलंय त्याबद्दल आमच्याशी बोलायला ये. त्याने ते मान्य केलं नाही, शिबिर रद्द झालं आणि दोष मुलींच्या माथी आला. त्या मुली हिप हॉपच्या शत्रू नव्हत्या. ते ऐकत मोठ्या झालेल्या, त्यावर नाचलेल्या होत्या. पुढच्या वर्षी 'एसेन्स' या काळ्या स्त्रियांच्या मासिकाने याच विषयावर मोहीम चालवली. जोन मॉर्गन, ट्रिशा रोज यांच्यासारख्या लेखिकांनी पुस्तकं लिहिली. रोज यांच्या मांडणीचा मला समजलेला सार असा: रॅपला झोडपणारे आणि रॅपचा बचाव करणारे, दोघांचीही भांडणाची भाषा इतकी ठरून गेली आहे की त्यात बाईचं म्हणणं मांडायला जागाच उरत नाही.

त्याआधी सी. डेलोरेस टकर होत्या. मार्टिन ल्यूथर किंग यांच्यासोबत सेल्माला चाललेल्या कार्यकर्त्या. नव्वदच्या दशकात त्यांनी गँगस्टा रॅपविरुद्ध आघाडी उघडली. त्यांचा मुद्दा खोटा नव्हता. पण लढाईत त्यांनी सोबती निवडला विल्यम बेनेट हा रिपब्लिकन नेता, आणि पोरांच्या नजरेत त्या परक्या झाल्या. टुपाकने गाण्यात त्यांचं नाव घेऊन त्यांना शिव्या घातल्या. त्यांनी काय म्हटलं ते कुणी ऐकलं नाही, त्या कुणाशेजारी उभ्या आहेत तेवढं पाहिलं.

आपल्या चळवळीला ही गोष्ट समजावून सांगायची गरज नाही. १८ एप्रिल १९६६ ला हमीद दलवाईंनी सात मुस्लिम स्त्रियांना घेऊन मुंबईत विधानभवनावर मोर्चा नेला, तेव्हापासून हाच प्रश्न आपल्या मानगुटीवर बसला आहे. तोंडी तलाकविरुद्ध बोललं की आपले म्हणणार, तुम्ही त्यांच्या हातात कोलीत देता. गप्प बसलं की घरातली बाई विचारणार, मग मी कुणाकडे जाऊ? दलवाईंनी गप्प बसायचं नाकारलं आणि त्याची किंमतही मोजली. टीका आतून व्हावी, मोठ्याने व्हावी, आणि ती कुणाच्या व्यासपीठावरून होते आहे याचंही भान असावं, यातली एकही अट मला सोडता येत नाही.

म्हणून स्टॅनच्या बाबतीत माझं म्हणणं असं. कार्यक्रम बंद पाडणाऱ्यांना बायकांच्या सन्मानाची काळजी होती यावर माझा विश्वास नाही. पण त्याच्या गाण्यांतल्या बायकांबद्दलच्या ओळींवर आपल्या मुलींनी बोट ठेवलं तर 'आपला पोरगा आहे, सांभाळून घ्या' असंही मी म्हणणार नाही. शिव्यांचा मुद्दा मला स्वतःला फारसा जड वाटत नाही. १९७२ मध्ये 'गोलपिठा' आला तेव्हाही भाषेवरूनच नाकं मुरडली गेली होती, आणि आज नामदेव ढसाळांशिवाय मराठी कविता शिकवता येत नाही. (ढसाळ हे शाहीर अमर शेखांचे जावई. बार्शीच्या त्या मुसलमान शाहिराने संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात डफावर काय रान पेटवलं, हे आजच्या रॅपर पोरांना कुणीतरी सांगायला हवं.) वस्तीची भाषा वस्तीची राहू द्या. प्रश्न आहे तो शिवी कुणाला लागते हा. सत्तेला लागली तर ती तक्रार असते. शेजारच्या खोलीतल्या बहिणीला लागली तर ती नुसती दांडगाई.

आणि सत्तेला लागली की काय होतं तेही आपण पाहिलंय. एप्रिल २०२३ मध्ये राज मुंगासे या तरुणाने 'पन्नास खोक्यां'वर मराठी रॅप केला, अंबरनाथ पोलिसांनी गुन्हा नोंदवला. त्याच सुमारास उमेश खाडे या रॅपरवर वडाळ्यात गुन्हा दाखल झाला. दोघेही मुसलमान नाहीत, हे आपल्या त्या दुसऱ्या वाचकाने लक्षात घ्यावं. गुन्हा हा धर्म पाहून होतोच, पण गाणं पाहूनही होतो. अमेरिकेत तर गाण्याच्या ओळी खटल्यात पुरावा म्हणून वाचल्या जातात. २०२२ मध्ये अटलांटाच्या यंग थगवर टोळी चालवल्याचा खटला भरला तेव्हा आरोपपत्रातच त्याच्या ओळी होत्या. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाने कायदा करून अशा पुराव्यावर बंधनं घातली. कादंबरीत खून लिहिणाऱ्याला कुणी खुनी समजत नाही, शाहिराने 'मी' म्हटलं तर ते पात्र असतं हे आपल्याला कळतं. वस्तीतल्या पोराने 'मी' म्हटलं की तो कबुलीजबाब कसा होतो, हा प्रश्न आपल्या वकील मित्रांनी आतापासून हाताशी ठेवावा.

घरातल्या विरोधाबद्दल थोडं. संगीतच हराम, मग रॅपची चर्चा कशाला, असं म्हणणारी मंडळी आपल्यात आहेत. त्यांच्याशी फिक्हचा वाद मी इथे घालत नाही. एवढंच नोंदवतो की या कलेत आपली माणसं सुरुवातीपासून आहेत. ए ट्राइब कॉल्ड क्वेस्टचा अली शहीद मुहम्मद, शिकागोचा लुपे फियास्को, आणि १९९९ मधला आपला अल्बम 'बिस्मिल्लाह' म्हणून सुरू करणारा मॉस डेफ, आताचा यासिन बे. इकडे कुर्ल्याच्या नावेद शेखने, म्हणजे नेझीने, २०१४ मध्ये आयपॅडवर 'आफत' चित्रित केलं आणि मुंबईच्या गल्लीतलं रॅप देशाला ऐकू आलं. 'गली बॉय' नंतर आला, २०१९ मध्ये, तेव्हा कुठे मोठ्या वाहिन्यांनी या पोरांकडे कौतुकाने पाहिलं. तेही जरा प्राणिसंग्रहालयात पाहावं तसं.

गोवंडीची सानिया एमक्यू हिजाब घालून रॅप करते, गरिबीवर आणि मुलींवरच्या बंधनांवर. तिच्यावर वाहिनीवाले खूश असतात ते हिजाबामुळे, आणि आपल्यातले काही नाराज असतात ते रॅपमुळे. तिच्या ओळींवर मात्र दोन्हीकडे फार कुणी बोलत नाही. पुढच्या महिन्यापासून या मासिकात रॅपच्या ओळींवर लिहायला आपण जागा राखत आहोत, मराठीत आणि हिंदीतही. पहिलं लेखन मला वस्तीतल्या मुलींकडून हवं आहे. स्टॅनवर लिहा, नेझीवर लिहा, सानियावर लिहा. काय आवडतं ते लिहा, आणि कुठली ओळ ऐकताना आवाज कमी करावासा वाटतो तेही लिहा.