दारावर टकटक झाली तर…

गेल्या नोव्हेंबरमधली गोष्ट. रात्रीचे साडेअकरा वाजलेले. मी सबमिशनचा शेवटचा ढीग उपसत बसले होते, तेवढ्यात मामेबहिणीचा व्हिडीओ कॉल आला. ती लेस्टरला मास्टर्स करतेय. तिकडे संध्याकाळचे सहा. स्क्रीनवर नुसता अंधार आणि त्यातून कुजबुज, "अगं, ते आलेत बहुतेक. मी दिवा बंद करून बसलेय. माझा व्हिसा जाईल का गं?"

"कोण आलेत ताई?"

"टीव्ही लायसन्सवाले!"

मला वाटलं, ताई चेष्टा करतेय. टीव्ही बघायला कसलं लायसन्स? आणि तिच्या रूमवर तर टीव्हीच नाही! पण तिला खरंच घाम फुटला होता. आठवड्यापूर्वी तिच्या पत्त्यावर एक पत्र आलं होतं. त्यावर तिचं नावही नव्हतं, नुसतं 'या पत्त्यावर कायदेशीर राहणाऱ्यास' अशा अर्थाचं काहीतरी. या पत्त्यावर टीव्ही लायसन्स नाही, आमचा माणूस भेटीला येऊ शकतो, असा मजकूर. त्या दिवसापासून दारावर काही वाजलं की बाईसाहेब श्वास रोखून बसायच्या.

दहा मिनिटांनी टकटक थांबली. ताईने हळूच दार उघडून पाहिलं. कुरियरवाला होता. मामीने पाठवलेला लाडू-चिवड्याचा डबा शेजारणीकडे ठेवून निघून गेला होता.

आम्ही दोघी पोट धरून हसलो. पण नंतर मला ते हसू टोचायला लागलं. चोवीस वर्षांची, इंजिनीअर झालेली, एकटी सातासमुद्रापार गेलेली मुलगी. ती स्वतःच्या, भाडं भरलेल्या खोलीत अंधार करून बसते, कारण काय तर दारावरच्या माणसाला नेमका किती अधिकार आहे हेच तिला माहीत नाही. कुकर नेला, भाजणी नेली, मेतकूट नेलं. ही माहिती कुणी बॅगेत भरलीच नव्हती.

तुमच्यापैकी किती तरी जण पुढच्या सप्टेंबरला तिकडे निघाले असतील. म्हणून त्या रात्री आम्ही दोघींनी जे वाचून काढलं, ते आधी सांगते.

ब्रिटनमध्ये टीव्ही लायसन्स हा प्रकार खराखुरा आहे. २००३ च्या कम्युनिकेशन्स ॲक्टनुसार लायसन्सशिवाय लाइव्ह टीव्ही बघणं किंवा रेकॉर्ड करणं हा गुन्हा आहे. फी एप्रिल २०२५ पासून वर्षाला १७४.५० पौंड झाली, म्हणजे आपले वीस हजारांच्या आसपास. हा पैसा मुख्यतः बीबीसीला जातो. दंड जास्तीत जास्त १,००० पौंड होऊ शकतो.

आता नीट लक्ष द्या, कारण घोळ इथेच होतो. लायसन्स टीव्हीच्या डब्याला लागत नाही, बघण्याला लागतं. कुठलंही चॅनल, कुठल्याही देशाचं, ज्या वेळी प्रसारित होतंय त्याच वेळी बघितलं, की लायसन्स हवं. मग ते टीव्हीवर बघा, लॅपटॉपवर बघा नाही तर मोबाइलवर. बीबीसीचं आयप्लेअर वापरायलाही लागतं, आणि १ सप्टेंबर २०१६ पासून त्यावरचे जुने कार्यक्रम बघायलाही. नेटफ्लिक्सवरची सीरिज, यूट्यूबवरचे नेहमीचे व्हिडीओ, रेडिओ यांना लागत नाही. म्हणजे भारत-पाकिस्तान मॅच ॲपवर लाइव्ह बघितली तर लायसन्स हवं, दुसऱ्या दिवशी हायलाइट्स बघितल्या तर नको.

हे वाचताना ताई एकदम गप्प झाली. का? तर बाईसाहेब रोज सकाळी आवरताना लॅपटॉपवर मराठी न्यूज चॅनल लाइव्ह लावायच्या. घरचं वाटतं म्हणून. "माझ्याकडे टीव्हीच नाही" या भरवशावर ती निर्धास्त होती, आणि नियमाप्रमाणे तिला लायसन्स लागत होतं! तिकडच्या विद्यार्थ्यांना एक सवलत असते. आईवडिलांच्या घरी लायसन्स असेल, तर प्लगला न जोडलेल्या, बॅटरीवर चालणाऱ्या लॅपटॉप-मोबाइलवर बघितलेलं त्यात धरलं जातं. पण ते घर ब्रिटनमधलं हवं. मामाचं साताऱ्याचं घर त्यात कसं बसणार?

आता दारावरचा माणूस. तो पोलीस नसतो, इमिग्रेशनचा अधिकारी तर नसतोच. बीबीसीने हे काम खासगी कंपनीला कंत्राटाने दिलेलं आहे, तिचा तो कर्मचारी. तुमचा व्हिसा त्याच्या हातात नाही. तो दार वाजवू शकतो, प्रश्न विचारू शकतो. पण सर्च वॉरंट नसेल तर तुमच्या परवानगीशिवाय उंबऱ्याच्या आत पाऊल टाकू शकत नाही. तुम्ही त्याचं ओळखपत्र मागू शकता, ते खरं आहे का हे फोन करून तपासू शकता. त्याच्या प्रश्नांना उत्तर देण्याची तुमच्यावर सक्ती नाही, त्याने पुढे केलेल्या कागदावर सही करण्याचीही नाही. तुम्ही जे बोलाल ते पुरावा म्हणून वापरलं जाऊ शकतं, अशी सूचना देऊन त्याने प्रश्न सुरू केले, तर समजा की ही आता गप्पांची वेळ राहिलेली नाही. 'सॉरी, मला बोलायचं नाही' म्हणून तुम्ही शांतपणे दार लावू शकता.

वॉरंट असेल तर मात्र चित्र वेगळं. ते कोर्टातून मिळतं, आणि ते घेऊन आलेल्याला अडवणं हा स्वतंत्र गुन्हा आहे. तेव्हा कागद नीट वाचायचा, पत्ता आपलाच आहे ना ते पाहायचं आणि बाजूला व्हायचं.

इथवर माहिती झाली. आता मला जे म्हणायचंय ते.

आपल्याला दोनच गोष्टी शिकवलेल्या असतात. एक, समोर फाइल आणि गळ्यात कार्ड अडकवलेला माणूस आला की 'हो साहेब, या साहेब'. दोन, त्याला कसं गंडवायचं. म्हणजे एक तर शरण जायचं, नाही तर जुगाड करायचा. यांच्या मधली जागा आपल्याला कुणी दाखवतच नाही. नियम मला लागू असेल तर मी गुपचूप पैसे भरेन, लागू नसेल तर नम्रपणे 'नाही' म्हणेन आणि शांत झोपेन, ही ती जागा. नम्रपणे नाही म्हणणं म्हणजे उद्धटपणा नव्हे, आणि पळवाट तर त्याहून नव्हे.

तुम्ही म्हणाल, ही तर फुकट्यांना दिलेली ट्यूशन झाली! दार लावायचं आणि आत मॅच बघायची. नाही यार. लाइव्ह बघत असाल तर लायसन्स घ्याच. मी पत्रकारिता शिकतेय. सरकारच्या तिजोरीवर आणि जाहिरातदारांवर अवलंबून नसलेलं माध्यम लोकांच्या पैशावर उभं राहावं, ही कल्पना मला मनापासून पटते. पण ज्या कायद्याने ती फी लावली, त्याच कायद्याने वॉरंटची अटही घातली. अर्धा कायदा पाळायचा आणि उरलेला अर्धा माहीतच करून घ्यायचा नाही, याला प्रामाणिकपणा नाही म्हणत.

आणि माहीत नसण्याची किंमत सगळे सारखी मोजत नाहीत. इंग्लंड आणि वेल्समध्ये २०१९ साली या गुन्ह्यात दोषी ठरलेल्यांपैकी सुमारे ७४ टक्के स्त्रिया होत्या. बायका जास्त लाइव्ह टीव्ही बघतात म्हणून? तसं नाही. एक मोठं कारण साधं आहे. माणूस दारावर येतो तेव्हा घरी बहुतेक वेळा बाई असते, दार ती उघडते, उत्तरं ती देते. घर सगळ्यांचं, टीव्ही सगळ्यांचा, पण कागदावर नाव तिचं चढतं. जरा आपल्या घराकडे बघा. दुपारी बेल वाजली की दार कोण उघडतं? आई, आजी, नाही तर कॉलेजला दांडी मारलेली आपण. मग अधिकार कुणाला माहीत असायला हवेत?

आपल्याकडेही हे लायसन्स होतं, माहितीये? रेडिओसाठी, नंतर टीव्हीसाठी. आजोबा सांगतात, पोस्टात जाऊन पैसे भरायचे आणि छोट्या पुस्तकात तिकिटं लावून आणायची. ऐंशीच्या दशकात ते बंद झालं. पुस्तकं रद्दीत गेली, पण दारावरच्या माणसाची भीती काही गेली नाही. आता ती फोनवर आलीये. 'डिजिटल अरेस्ट' म्हणजे दुसरं काय? व्हिडीओ कॉलवर वर्दी दिसते आणि शिकलेली माणसं तासन्‌तास कॅमेऱ्यासमोर बसून राहतात, आयुष्यभराची पुंजी पाठवून देतात. अशी अटक आपल्या कायद्यात नाहीच, एवढं एक वाक्य त्यांना आधी माहीत असतं तर? तिकडे टीव्ही लायसन्सच्या नावानेही खोटे ईमेल फिरतात. फसवणाऱ्याला तुमचा पासवर्ड नंतर लागतो, आधी तुमची घाबरगुंडी लागते.

म्हणून एक सवय लावून घ्या. पुण्यात फ्लॅट शेअर करत असाल, नाशिकहून मुंबईत पीजीत आला असाल किंवा परदेशी निघाला असाल, नवीन जागेत गेल्यावर वायफायचा पासवर्ड विचारता ना? त्याच दिवशी हेही विचारा. इथे कोण कोण दार वाजवू शकतं, कोणता कागद दाखवून, आणि मी काय म्हणू शकते? भाड्याच्या करारात टीव्ही लायसन्सचं काय लिहिलंय तेही वाचा. हॉस्टेलमध्ये बहुतेक वेळा प्रत्येक खोलीला वेगळं लायसन्स लागतं. घर सगळ्यांनी मिळून एकाच करारावर घेतलं असेल, तर सहसा एक पुरतं.

ताईचं पुढे काय झालं? तिने हिशेब केला आणि लाइव्ह न्यूज बंद केली. आता त्याच बातम्यांचे व्हिडीओ नंतर बघते. 'मला लायसन्सची गरज नाही' असं ऑनलाइन कळवूनही टाकलं. ते कळवणं कायद्याने बंधनकारक नाही, पण तिला बरं वाटलं. मॅचच्या दिवशी मात्र लायसन्स असलेल्या मैत्रिणीकडे मुक्काम.

मागच्या आठवड्यात तिचा मेसेज आला. पुन्हा दार वाजलं होतं. या वेळी तिने दिवा बंद केला नाही. सरळ जाऊन दार उघडलं आणि आधी ओळखपत्र मागितलं. मीटरचं रीडिंग घ्यायला आलेले काका होते. त्यांनी हसत हसत कार्ड दाखवलं. तिने ते नीट वाचलं आणि मगच म्हणाली, "या आत."