पाच आकडे आणि लाल कड

६२, २, २११, २५४, २०१. झेडएक्स स्पेक्ट्रम हा घरगुती कॉम्प्युटर १९८२ साली इंग्लंडमध्ये विक्रीला आला. त्याच्या मेमरीत हे पाच आकडे ओळीने ठेवून ते चालवायला सांगितले, की टीव्हीच्या पडद्याभोवतीची पांढरी कड एका क्षणात लाल होते. पहिल्या दोन आकड्यांचा अर्थ, ‘ए’ नावाच्या कप्प्यात २ भर. पुढच्या दोनांचा, कप्प्यात आहे ते २५४ क्रमांकाच्या दारातून बाहेर पाठव. शेवटचा सांगतो, परत फिर. स्पेक्ट्रमच्या रंगांच्या क्रमात २ म्हणजे लाल. प्रोग्राम संपला.

खरी गंमत त्यानंतर सुरू होते. कीबोर्डवरची पुढची कळ दाबली, की कड पुन्हा पांढरी! कळ दाबल्यावर होणारा बारीक ‘टिक’ आवाज आणि कडेचा रंग ही दोन्ही कामे त्याच २५४ च्या दारातून होतात. आवाज पाठवताना यंत्राच्या रॉममधला कायमचा प्रोग्राम आपल्याकडे नोंदलेला रंगही सोबत पाठवतो आणि ती नोंद अजून पांढऱ्याचीच असते. सातवी-आठवीतल्या एखाद्या मुलीने हे कोडे स्वतः सोडवले, तर एकाच दुपारी तिला हार्डवेअर कळते, ऑपरेटिंग सिस्टीम कशासाठी असते ते कळते आणि एका वस्तूवर दोघांची मालकी असली की घोटाळा कसा होतो तेही कळते. आजच्या कोणत्याही मोबाइलवर हा धडा इतक्या उघडपणे देता येत नाही. स्पेक्ट्रमच्या झेड-८० चिपमध्ये साधारण साडेआठ हजार ट्रान्झिस्टर होते. ॲपलच्या २०२० मधल्या एम-१ चिपमध्ये ते १,६०० कोटी आहेत. साडेआठ हजारांचे यंत्र एका माणसाच्या डोक्यात मावते.

म्हणूनच जगभर हजारो हौशी माणसे आजही या जुन्या यंत्रांसाठी असेंब्लीत प्रोग्राम लिहितात. असेंब्ली म्हणजे प्रोसेसरच्या स्वतःच्या भाषेच्या एक पायरी वर असलेली लिपी. तिथे एक ओळ म्हणजे चिपची एक कृती. मूळ यंत्र मिळाले नाही तरी अडत नाही. इम्युलेटर हा प्रोग्राम साध्या लॅपटॉपवर ते जुने यंत्र हुबेहूब उभे करतो, आवाज आणि वेळेच्या हिशेबासह. या हौसेतून वाढलेल्या ‘डेमोसीन’ला, म्हणजे अगदी तुटपुंज्या मेमरीत चित्र-संगीताचे चमत्कार घडवणाऱ्या कलेला, फिनलंडने २०२० मध्ये आपल्या राष्ट्रीय अमूर्त वारशाच्या यादीत घेतले. पुढच्याच वर्षी जर्मनीनेही तेच केले.

हे सगळे लांबच्या देशांचे वाटेल. पण हेच पाच आकडे सोळाच्या पायावर, म्हणजे हेक्समध्ये लिहिले तर ३ई, ०२, डी३, एफई, सी९ असे होतात आणि ते वाचताच गोव्यातल्या अनेक अभियंत्यांना आपली प्रयोगशाळा आठवेल. इंटेलच्या ८०८५ या मायक्रोप्रोसेसरवर हेच पाच आकडे हेच काम करतात. इंटेल सोडून झायलॉग कंपनी काढणाऱ्या फेदेरिको फाजिन यांनी १९७६ मध्ये झेड-८० बाजारात आणला, तो इंटेलच्या ८०८० चे प्रोग्राम जसेच्या तसे चालतील अशा बेताने. ८०८५ हा त्याच ८०८० चा थेट वारसदार. त्यामुळे फर्मागुढीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात किंवा एखाद्या तंत्रनिकेतनात रमेश गावकर यांचे ८०८५ वरचे पुस्तक शेजारी ठेवून सरावाच्या किटच्या कळांवर ओपकोड, म्हणजे असेच आकडे, टाइप करणारा विद्यार्थी आणि लंडनमध्ये रात्री जागून गेम लिहिणारा पोर, दोघे एकच भाषा लिहीत होते. फरक एवढाच, की इथल्या विद्यार्थ्याला दोन संख्यांची बेरीज करून किट बंद करायला सांगितले गेले. त्याच आकड्यांनी पडदा रंगवता येतो, सूर वाजवता येतो, हे त्याला कुणी दाखवले नाही. ८०८५ चा विषय कंटाळवाणा म्हणून बदनाम झाला तो त्यामुळे. दोष चिपचा नव्हता.

असे दाखवण्याची साधने तेव्हा मराठी मुलखात होती. पुण्याच्या डेसीबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने १९८६ मध्ये रीतसर परवाना घेऊन ‘डीबी स्पेक्ट्रम प्लस’ बाजारात आणला. काही हजार यंत्रे खपली आणि १९९० च्या सुमारास तो बाजार आटला. त्याआधी १९८४-८५ मध्ये केंद्र सरकारने ‘क्लास’ प्रकल्पातून देशातल्या अडीचशे शाळांत ब्रिटनचे बीबीसी मायक्रो पोहोचवले होते. त्या यंत्राच्या बेसिक भाषेच्या पोटातच असेंब्ली लिहिण्याची सोय होती. वेगळे काही विकत घ्यायची गरज नव्हती. शाळेच्या कपाटात एवढे मोठे दालन बंद होते आणि बहुतेकांना ते उघडता येते हेच माहीत नव्हते.

आता आजच्या गोव्याकडे, त्यातही आमोण्याकडे येऊ. मांडवीकाठचे हे गाव बाहेरच्यांना बेताळाच्या देवस्थानासाठी आणि कच्च्या लोखंडाच्या कारखान्यासाठी ठाऊक आहे. पुलापलीकडे खांडोळ्याचे शासकीय महाविद्यालय आहे, अलीकडे मयेला डिचोलीचे शासकीय तंत्रनिकेतन. २०१२ आणि पुन्हा २०१८ च्या खाणबंदीने इथल्या घरांना एक गोष्ट कडवटपणे शिकवली, की उत्पन्नाचा एकच झरा असू नये. पेडण्यात तुये येथे इलेक्ट्रॉनिक वस्तू बनवणारे संकुल उभारायचे सरकारने केव्हाच ठरवले आहे. तिथे स्थानिक मुलांना पॅकिंगच्या टेबलापलीकडची जागा हवी असेल, तर चिपच्या आत काय चालते हे कळणारी माणसे याच तालुक्यांतून तयार व्हावी लागतील. डिचोलीच्या खाणपट्ट्यात ट्रकच्या इंजिनाचा आवाज ऐकून बिघाड सांगणारे मेकॅनिक घडले, ते इंजिन उघडून बसल्यामुळे. कॉम्प्युटरच्या बाबतीत उघडून बसता येईल असे इंजिन म्हणजे ही आठ-बिटी यंत्रे.

गोवा सरकारने ‘केअर्स’ योजनेतून शाळांत कोडिंग आणि रोबोटिक्स आणले, हे चांगलेच झाले. रंगीत ठोकळे जोडून प्रोग्राम करण्याने लहान मुलांची भीती जाते. पण ठोकळ्याखाली काय असते, हा प्रश्न मुले विचारतातच आणि तिथे अभ्यासक्रम गप्प बसतो. आठवीनंतर एक सत्र, आठवड्याला एक तास, इम्युलेटरवरच्या असेंब्लीला द्यावा. त्याची परीक्षा नको, गुणही नकोत. ज्यांना आवडणार नाही त्यांचे काही बिघडणार नाही. ज्या दोन-तीन मुलांना ते झपाटून टाकेल, त्यांच्यासाठी हा तास हवा.

खर्चाचा मुद्दा तर उरतच नाही. ‘फ्यूज’ हा स्पेक्ट्रमचा इम्युलेटर मुक्त आहे. १९८६ मध्ये स्पेक्ट्रम बनवणाऱ्या सिंक्लेअर कंपनीचा कॉम्प्युटर व्यवसाय विकत घेणाऱ्या ॲमस्ट्रॅड कंपनीने स्पेक्ट्रमचे रॉम इम्युलेटरसोबत वाटायला १९९९ मध्ये परवानगी दिली, मालकी मात्र स्वतःकडे ठेवली. ८०८५ साठी जीएनयूसिम ८०८५ हा मुक्त सिम्युलेटर एका भारतीय विद्यार्थ्यानेच २००३ मध्ये लिहायला घेतला. हे सगळे दहा वर्षे जुन्या कॉम्प्युटरवर चालते आणि एकदा भरले की इंटरनेट लागत नाही. २०२० च्या टाळेबंदीत सत्तरी-सांग्याच्या मुलांना वर्गासाठी नेटवर्क शोधत डोंगर चढावे लागले होते. ज्या राज्याने ते पाहिले, त्याला नेटशिवाय चालणाऱ्या प्रयोगशाळेची किंमत सांगावी लागू नये.

कृत्रिम बुद्धिमत्ता हवा तो कोड लिहून देत असताना हाताने आकडे कशाला भरायचे, असे पालक विचारतील आणि त्यांचा प्रश्न योग्य आहे. नोकरीच्या जाहिरातीत झेड-८० चे नाव येणार नाही; झायलॉगने मूळ झेड-८० च्या ऑर्डर घेणेसुद्धा जून २०२४ मध्ये बंद केले. पण यंत्राने लिहून दिलेला कोड बरोबर आहे का, हे तपासायला माणूस लागतो. कड पांढरी का झाली, याचे उत्तर अंदाजाने न देता पायरीपायरीने शोधण्याची सवय त्या माणसाला लागलेली असायला हवी. ही सवय लहान, पूर्ण दिसणाऱ्या यंत्रावर सर्वांत लवकर लागते. शिवाय इथे चूक फुकट आहे: इम्युलेटर अडकला तर बंद करून पुन्हा सुरू करायचा, कुणाचे काही जळत नाही.

याच्याच जोडीला एक काम तातडीचे आहे. गोव्याच्या पावसाळी हवेत कॅसेटच्या फितीवर बुरशी चढते, हे भजनांच्या आणि तियात्राच्या कॅसेटी जपणाऱ्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. स्पेक्ट्रमचे प्रोग्रामही अशाच कॅसेटवर होते. डेसीबेल्सची यंत्रे, त्यांची माहितीपुस्तके, शाळांतले बीबीसी मायक्रो, ८०८५ ची किटे आणि विद्यार्थ्यांच्या हस्तलिखित जर्नल्स, हे सगळे आज माळ्यावर किंवा भंगाराच्या यादीत आहे. कॅसेट एकदा वाजवून तिचा आवाज कॉम्प्युटरवर नोंदवला, तर इम्युलेटर त्यातून प्रोग्राम पुन्हा उभा करतो. फीत मेली की तोही मेला. युरोपातल्या यंत्रांचे असे जतन तिथल्या हौशींनी केव्हाच केले. पुण्यात बनलेल्या यंत्राची आणि गोव्यातल्या प्रयोगशाळांची नोंद मात्र मराठी माणसांनाच ठेवावी लागेल.

पणजीच्या पाटो भागातल्या कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयाने पुढाकार घेतला, तर ही माहितीपुस्तके आणि कॅसेटी एका ठिकाणी येऊ शकतील. तंत्रनिकेतनांनी जुनी किटे लिलावात काढण्यापूर्वी प्रत्येक प्रकारचे एक किट आणि त्याच्या रॉमची प्रत बाजूला ठेवावी. त्यासाठी एक परिपत्रक पुरेल. आणि शाळांना शिक्षक शोधायला लांब जावे लागणार नाही. ८०८५ वर पदविका केलेले लोक डिचोली, पेडणे, फोंड्यात कारखान्यांत आणि कार्यालयांत कामाला आहेत, काही निवृत्तही झाले आहेत. शनिवारी सकाळी तासभर शाळेत येण्यासाठी त्यांना बोलावणे पाठवायला हवे.