४२ नंबरची जर्सी आणि झाकलेला खटला

१४ एप्रिलला आमच्या वस्त्यावस्त्यांतून बाबासाहेबांची मिरवणूक निघते. दुसऱ्या दिवशी, १५ एप्रिलला, अमेरिकेत मेजर लीग बेसबॉलच्या सर्व संघांचे सर्व खेळाडू पाठीवर एकच नंबर, ४२, लावून मैदानात उतरतात. तारखा शेजारी आल्या हा योगायोग आहे. पण मोठ्या माणसाचा दिवस साजरा करता करता त्याचे म्हणणे कसे पुसले जाते, हे तिथेही पाहण्यासारखे आहे.

४२ हा जॅकी रॉबिन्सन यांचा नंबर. १५ एप्रिल १९४७ रोजी ते ब्रुकलिन डॉजर्सकडून खेळले आणि सुमारे सहा दशके काळ्या माणसाला बंद असलेले दार उघडले. विशेष म्हणजे ही बंदी कोणत्याही नियमपुस्तकात लिहिलेली नव्हती. गोऱ्या संघमालकांची ती आपसातली समजूत होती. लेखी बंदीला न्यायालयात आव्हान देता येते. अलिखित बंदीत प्रतिवादी कोणाला करायचे? गावच्या पाणवठ्यावर तरी पाटी कुठे लावलेली असे?

डॉजर्सचे ब्रँच रिकी यांनी रॉबिन्सन यांना संघात घेताना अट घातली होती की, कोणी कितीही शिव्या दिल्या तरी उलट उत्तर द्यायचे नाही. रॉबिन्सन यांनी ती पाळली. फिलाडेल्फियाच्या संघाचा मॅनेजर बेन चॅपमन भर मैदानात त्यांच्या जातकुळीचा उद्धार करत होता, तरी ते खेळत राहिले. त्याच वर्षी ते सर्वोत्कृष्ट नवोदित खेळाडू ठरले आणि १९४९ मध्ये आपल्या लीगचे सर्वोत्तम खेळाडू. अमेरिकेतील प्रस्थापितांना हाच रॉबिन्सन आवडतो: सोसणारा, गप्प राहणारा, गोऱ्या मालकाने संधी दिली म्हणून मोठा झालेला!

पण रिकींना भेटण्याच्या एक वर्ष आधीचा रॉबिन्सन कोण होता? जुलै १९४४ मध्ये टेक्सासमधील कॅम्प हूड या लष्करी तळावर लेफ्टनंट रॉबिन्सन यांना बसच्या चालकाने मागच्या बाकांवर जायला सांगितले. ते गेले नाहीत. माँटगोमेरीत रोझा पार्क्स यांनी १९५५ मध्ये जागा सोडण्यास नकार दिला, त्याच्या अकरा वर्षे आधीची ही गोष्ट. त्यांच्यावर कोर्टमार्शल झाले. वकिली करणाऱ्यांनी आरोपपत्राकडे नीट पाहावे. बसमधल्या जागेचा आरोप त्यात नव्हताच. आरोप होता वरिष्ठांशी उद्धट वर्तनाचा आणि आज्ञाभंगाचा. आधी माणसाचा अपमान करायचा, तो बोलला की त्याच्या बोलण्याच्या सुरावर खटला भरायचा, ही पद्धत आम्हाला काही नवीन नाही. ऑगस्टमध्ये ते निर्दोष सुटले. म्हणजे १९४७ चे मौन हा त्यांचा स्वभाव नव्हता, ती मुदतीची लढाई होती. मुदत संपल्यावर ते बोलू लागले आणि तीच वर्तमानपत्रे त्यांना तोंडाळ म्हणू लागली.

मार्च २०२५ मध्ये अमेरिकेच्या संरक्षण खात्याने वंशसमानतेविषयीचा मजकूर हटवताना आपल्या संकेतस्थळावरून रॉबिन्सन यांच्या लष्करी सेवेवरचा लेखच काढून टाकला. ओरड झाल्यावर तो परत आला. पुढच्या महिन्यात सगळ्यांनी ४२ नंबर घातलाच!

त्यांची प्रत्येक भूमिका आम्हाला पटते असे नाही. १९४९ मध्ये पॉल रोबसन यांच्याविरुद्ध बोलण्यासाठी ते संसदीय समितीपुढे गेले; १९६० मध्ये त्यांनी निक्सन यांचा प्रचार केला. परंतु १९६३ च्या वॉशिंग्टन मोर्चातही ते होते, आणि काळ्या माणसाला कर्ज मिळत नाही म्हणून १९६४ मध्ये हार्लेममध्ये फ्रीडम नॅशनल बँक उभी करणाऱ्यांतही होते. खेळण्याची परवानगी मिळाली की प्रश्न संपला, असे त्यांनी कधीच मानले नाही.

प्रवेश आणि सत्ता यांतले हे अंतर आपल्या क्रिकेटनेही दाखवले आहे. चर्मकार समाजातील पळवणकर बाळू यांनी १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी घेतले, तरी हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना मिळाले नाही. त्यांचे भाऊ विठ्ठल यांना ते १९२३ मध्ये मिळाले. (बाळू १९३७ मध्ये काँग्रेसतर्फे बाबासाहेबांविरुद्ध उभे राहून हरले, ती कथा वेगळी.) चेंडू अस्पृश्याने टाकलेला चालतो, हुकूम मात्र त्याने द्यायचा नाही.

रॉबिन्सन यांनी शेवटच्या दिवसांत नेमके हेच म्हटले. १५ ऑक्टोबर १९७२ रोजी सिनसिनाटी येथे वर्ल्ड सिरीजच्या सामन्यापूर्वी, त्यांच्या पदार्पणाला २५ वर्षे झाली म्हणून सत्कार ठेवला होता. मधुमेहाने दृष्टी जवळजवळ गेलेली, वय ५३. आभार मानून त्यांनी तिथेच सांगितले की, एखाद्या संघाचा मॅनेजर काळा माणूस झालेला पाहीन तेव्हा मला अधिक आनंद होईल. नऊ दिवसांनी ते गेले. तसा मॅनेजर मिळायला १९७५ साल उजाडले. क्लीव्हलँडने फ्रँक रॉबिन्सन यांना नेमले (नात्याने कोणी नव्हेत, आडनाव तेवढे एक) आणि ८ एप्रिलच्या त्यांच्या पहिल्या सामन्याचा मानाचा चेंडू टाकायला जॅकींच्या पत्नी रेचेल यांना बोलावले.