इंटरप्ट: पार्सल घ्या, दार लावा

दाराची बेल वाजली की आपण पार्सल घेतो, दार लावतो. ते उघडतो मागाहून. इंटरप्ट हँडलरनंही एवढंच करावं, असं माझं ठाम मत आहे. सेन्सरचं रीडिंग उचलायचं, टास्कला जागं करायचं, बाहेर पडायचं. गणितं नंतर.

तुम्ही म्हणाल, दोन मिलिसेकंदांनी काय बिघडतं? ११५२०० बॉडच्या सिरियल पोर्टवर तेवढ्यात २३ बाइट येतात. पोर्टचा इंटरप्ट तोवर ताटकळला आणि बफर एकाच बाइटचा असला, तर बहुतेक बाइट कायमचे गेले. टेबलावरच्या चाचणीत हे सहसा दिसत नाही. सगळे इंटरप्ट एकदम आले की दिसतं.

म्हणून हँडलरच्या सुरुवातीला एक पिन हाय करा, शेवटी लो करा आणि ऑसिलोस्कोपवर वेळ मोजा. अंदाजावर विसंबू नका.